बर्फाचीही भरती-ओहोटी असते

लहानपणी बर्फ म्हणजे माझ्या लेखी मासळीवर टाकायची वस्तू. बंदराशेजारच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या यायच्या, खलाशी त्या दांडक्याने फोडायचे आणि बोटीच्या पोटात भरायचे. उडालेला एखादा तुकडा उचलून आम्ही पोरं चोखत बसायचो. त्याला मासळीचा वास यायचा, पण मे महिन्याच्या उकाड्यात वासाचं कोणाला पडलंय?

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. आमच्या मुसलमान वस्तीतली निम्मी पुरुषमंडळी आखातात नोकरीला आणि उरलेली बोटींवर, असा साधारण हिशेब. अब्बा आखातात गेले नाहीत. ते तांडेल होते, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर बोट निघते आणि ज्याच्या सांगण्यावर परत फिरते, तो माणूस. आता वय झालं. बोट भाईजान बघतो, पण निघण्याआधी अब्बांना विचारून निघतो.

अशा घरातली मी मुलगी. शिकले, नोकरीनिमित्त अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात आले, एका प्रयोगशाळेत काम करते. आणि दरवर्षी मे-जूनमध्ये पायांना स्की बांधून बर्फाने झाकलेले ज्वालामुखी चढते आणि वरून घसरत खाली येते. गावी हे सांगितलं तेव्हा खाला म्हणाली, "घसरायचंच आहे तर चढतेस कशाला?" इथल्या एका देशी गृहस्थांनी एकदा चहाच्या वेळी विचारलं, "तुमच्यात चालतं हे?" 'तुमच्यात' म्हणजे बायकांत, मुसलमानांत की कोकणातल्या माणसांत, हे मी विचारलं नाही.

आज खालाच्या त्या 'कशाला'बद्दल थोडं लिहायचं आहे आणि त्याहून जास्त एका चुकीबद्दल. चूक माझी आहे. तिला आता तीन वर्षं झाली, पण ती मी अजून कुठे लिहिलेली नाही.

पोर्टलंडहून आकाश स्वच्छ असलं की तीन ज्वालामुखी दिसतात: हूड, सेंट हेलेन्स आणि अ‍ॅडम्स. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ज्वालामुखी म्हणजे काळा, तापलेला, धूर ओकणारा डोंगर. इथे खिडकीतून दिसायचे ते पांढरेशुभ्र. कॅनडाच्या दक्षिण भागापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या कॅस्केड रांगेतले हे डोंगर. पॅसिफिक महासागराच्या तळाचा एक भाग इथे जमिनीखाली सरकतो, खोलवर खडक वितळतो आणि तो वर येऊन हे डोंगर तयार होतात. हे झोपलेले आहेत, मेलेले नाहीत. सेंट हेलेन्स १८ मे १९८० रोजी फुटला. ५७ माणसं गेली आणि डोंगराची उंची सुमारे ४०० मीटरने कमी झाली. आज त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर माणसं स्की करतात.

ज्या समुद्राच्या तळामुळे हे डोंगर झाले, त्याच समुद्रावरून हिवाळाभर ओले ढग येतात आणि यांच्यावर बर्फ होऊन पडतात. माउंट बेकरजवळच्या स्की केंद्रावर १९९८-९९च्या एका हंगामात १,१४० इंच बर्फ पडला होता. मीटरमध्ये सांगायचं तर जवळजवळ २९, उंच माडाच्याही वर. एवढा बर्फ उन्हाळ्याच्या तोंडाशी लगेच संपत नाही. खाली दरीत जंगली फुलं आलेली असतात, डास चावत असतात, आणि पाच-सहा हजार फुटांच्या वर मात्र बर्फच बर्फ.

मला स्की शिकवली प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीने. ती इथलीच, लहानपणापासून बर्फात वाढलेली. माउंट हूडवर पाळण्यात बसून वर जायचं आणि खाली घसरायचं, असं पहिली दोन वर्षं चाललं. पडणं हाच मुख्य कार्यक्रम. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, आता आपल्या पायांनी वर जायचं.

त्याची रीत अशी. स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती खरंच सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा शेळीच्या लोकरीची असते. तिची लव एका दिशेला निजलेली असते, त्यामुळे पाय पुढे सरकतो पण मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी ठेवायची. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, घडी करून झोळीत टाकायच्या, टाच पक्की करायची आणि उतरायचं. सात-आठ तासांची चढण आणि एखाद्या तासाची उतरण. खालाचा प्रश्न चुकीचा नव्हता.

पण हिवाळ्यात भरपूर बर्फ असताना लोक उन्हाळ्याच्या सुरुवातीची वाट का बघतात? कारण हिवाळ्यातला बर्फ थरांथरांचा असतो आणि त्यातला एखादा थर कच्चा राहिला तर अख्खा उतार सुटून येतो. मे-जूनपर्यंत ते थर बसून एकजीव होतात. मग दिवसा ऊन बर्फाचा वरचा भाग वितळवतं आणि स्वच्छ रात्रीची थंडी तो पुन्हा गोठवते. हे रोज घडत राहिलं की बर्फाचे टपोरे गोल दाणे होतात. इथे त्याला 'कॉर्न' म्हणतात, मक्याचे दाणे. मला ते मिठागरातल्या जाड्या मिठासारखे दिसतात.

या बर्फाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे तो काचेसारखा टणक. स्कीच्या कडा धरत नाहीत, घसरलात तर थांबणं कठीण. ऊन चढलं की वरचा बोटभर थर मऊ होतो आणि खाली पक्का राहतो. त्या वेळी स्की अशी जाते की आपल्याला काही येतं असं वाटायला लागतं. हा काळ तासाभराचा, फार तर दोन तासांचा. त्यानंतर बर्फाचा चिखल होतो. पाय गुडघ्यापर्यंत बुडतात, आणि उभ्या उतारावर ओला बर्फ सुटून वाहायला लागतो.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मैत्रिणीला म्हणाले, "हे मला माहीत आहे. ही तर भरती-ओहोटी."

आमच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. भरतीला त्याच्यावरून बोट सहज निघते. ओहोटीला बोटीचा तळ वाळूला टेकतो आणि लाटा तिथेच फुटायला लागतात. त्यामुळे बाहेर जायची वेळ ठरलेली आणि आत यायचीही ठरलेली. ती वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. मुलींना बोटीवर नेत नसत, म्हणून मी कधी दांड्यापलीकडे गेले नाही. पण घरातली झोप, जेवण, भांडण, सगळं त्या वेळेवर चालायचं. मासळी कितीही लागलेली असो, वेळ झाली की जाळं ओढायचं आणि फिरायचं.

समुद्राची वेळ चंद्र ठरवतो, बर्फाची सूर्य. फरक एवढाच. इथले गिर्यारोहक पहाटे दोन-तीनला निघतात आणि त्याचं मोठं कौतुक करतात. जूनमध्ये इथे फजरची वेळच तीनच्या सुमारास सुरू होते. तंबूबाहेर येऊन नमाज पढायची, थर्मासमधला चहा घ्यायचा आणि डोक्यावर दिवा बांधून चालायला लागायचं. घरात अब्बा याच वेळी उठायचे, म्हणून मला त्यात पराक्रम कधी वाटला नाही.

हिमनद्यांवरचं शिक्षण वेगळं. माउंट बेकरच्या ईस्टन हिमनदीवर आम्ही तिघीजणी एका दोराला बांधून गेलो होतो. हिमनदी म्हणजे स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकणारा बर्फ. सरकताना त्याला तडे जातात, काही तड्यांत अख्खं घर मावेल. हिवाळ्याचा बर्फ त्यांच्यावर पूल बांधतो आणि जूनमध्ये ते पूल आतून पातळ होत जातात. वरून काहीच कळत नाही. कधी थोडी खळी दिसते, कधी बर्फाचा रंग जरा मळकट. दोर ताठ ठेवायचा, तड्याला आडवं जायचं, पुढची पूल ओलांडत असताना मागच्या दोघींनी मागेच थांबायचं. शिखराखालच्या शर्मन विवरातून वाफ निघत होती आणि गंधकाचा वास येत होता, अगदी दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या कुंडांवर येतो तसा. मी तिथे, बर्फात, मोठ्याने हसले. चालताना डाव्या-उजव्या हाताला काय बघायचं हे मैत्रीण सांगत होती आणि मी ऐकत होते. त्या काळात मी सगळं ऐकायचे.

आता ती चूक.

अ‍ॅडम्स हा वॉशिंग्टन राज्यातला दुसऱ्या क्रमांकाचा उंच डोंगर, सुमारे १२,२८० फूट. याकामा लोक त्याला पाह्तो म्हणतात. त्यांच्याकडून गेलेला त्याचा पूर्वेकडचा भाग १९७२मध्ये त्यांना परत मिळाला. दक्षिणेकडची वाट तांत्रिकदृष्ट्या सोपी, पण लांबच लांब. या वाटेवर 'लंच काउंटर' नावाचं नऊ हजार फुटांच्या वरचं एक सपाट ठिकाण आहे, तिथे लोक तंबू ठोकतात. तिथून एक सरळसोट चढ लागतो. त्याच्या माथ्यावर शिखर आलं असं वाटतं, पण ते खोटं शिखर. त्याचं नाव पायकर्स पीक, उंची ११,६५० फुटांच्या आसपास. खरं शिखर त्याच्याही पलीकडे, एक सपाटी ओलांडून आणखी सहा-सातशे फूट वर. त्या खोट्या शिखरावरून मी आधीच्या दोन वर्षांत दोनदा परतले होते. दोन्ही वेळा मैत्रिणीने "बस" म्हटलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आम्ही दोघी निघालो तेव्हा ती म्हणाली, "या वेळी तू पुढे. आजचे निर्णय तुझे." मी खूश झाले. साडेअकरा वाजता जिथे असू तिथून परतायचं, असं मीच ठरवलं.

त्या दिवशी सुरुवातच उशिरा झाली. वाटेच्या सुरुवातीपर्यंत जाणारा रस्ता बर्फाने अडलेला होता, म्हणून गाडी बरीच खाली ठेवावी लागली. स्की पाठीवर घेऊन दीड तास चालण्यात गेला. पण खरी गोष्ट त्याहून वेगळी होती. पहाटे साडेतीनला बर्फावर पहिलं पाऊल टाकलं आणि ते रुतलं. रात्र गरम गेली होती, बर्फ गोठलाच नव्हता. पहाटे पाऊल रुतलं तर दुपारी काय होणार, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. मी ते पाहिलं. मैत्रिणीनेही पाहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी म्हणाले, "वर थंड असेल."

लंच काउंटरला साडेसातला पोचायचं होतं, नऊ वाजून गेले. खोट्या शिखरावर पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेअकराची वेळ आम्ही चढावरच मागे टाकली होती. मैत्रीण म्हणाली, "इथे छान आहे की." ती एवढंच म्हणाली. मी समोरच्या खऱ्या शिखराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "अजून एक तास. एवढंच राहिलंय."

का म्हणाले? याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळं देत होते. हवा स्वच्छ होती. वर वारा गार होता. दोनदा परतले होते. हे सगळं खरं आहे, पण खरं कारण वेगळं. मला शिकाऊ म्हणवून घ्यायचा कंटाळा आला होता. ज्या बाईने शिकवलं तिच्यासमोर मला एकदा तिला शिखरावर घेऊन जायचं होतं.

शिखरावर एक वाजून पस्तीस मिनिटांनी पोचलो. वर वनखात्याने शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेली टेहळणीची खोली आहे, ती बर्फात गाडलेली होती, छपराची एक कड तेवढी दिसत होती. १९३०च्या दशकात लोक इथे गंधक शोधत होते आणि सामान खेचरांच्या पाठीवर वर येत असे. उत्तरेला रेनियर, पश्चिमेला माथा उडालेला सेंट हेलेन्स, दक्षिणेला हूड. फोटो काढले. ते फोटो मी अजून कोणाला पाठवलेले नाहीत.

उतरताना खोट्या शिखरापर्यंत सगळं ठीक होतं. तिथून खाली दक्षिणेकडे तोंड करून तो सरळसोट उतार. पहिली तीन-चार वळणं मजेत गेली आणि मग पायाखालचा बर्फ भिजलेल्या सिमेंटसारखा झाला. अशा वेळी नियम असा की एकीने उतरायचं, दुसरीने बाजूला थांबायचं, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या बरोबर वरून कधीही जायचं नाही. मैत्रीण पुढे गेली आणि दम खायला थांबली. मला बाजूला सरकायला हवं होतं. मांड्या थकल्या होत्या, मी जवळची वाट धरली आणि तिच्या वरच्या बाजूला वळण घेतलं.

माझ्या स्कीखालून बर्फाची एक चकती सुटली. चादरीएवढी, मग अंगणाएवढी. ओला बर्फ वेगाने येत नाही. माणूस पळेल एवढ्या वेगाने येतो, पण वजन प्रचंड. मी ओरडले. तिने मान वर करून पाहिलं, तोवर तो तिच्या पायांपर्यंत पोचला होता. ती आडवी झाली आणि त्या चिखलाबरोबर पन्नास-साठ मीटर खाली गेली. एक स्की सुटली. दुसरी सुटली नाही, रुतली, आणि अंग पुढे गेलं.

मी तिच्यापाशी पोचले तेव्हा ती बसलेली होती, चेहरा राखेसारखा. "गुडघा," म्हणाली. बास.

लंच काउंटरवर तंबू टाकलेले दोघेजण चढून मदतीला आले. झोपायच्या फोमच्या पट्टीत पाय गुंडाळला, स्कीच्या पट्ट्यांनी बांधला. तिला बसवून, कमरेला दोर लावून आम्ही हात-हातभर खाली सोडत आणलं. पुढे काठ्यांच्या आधाराने एका पायावर. जूनमध्ये इथे नऊपर्यंत उजेड असतो, तोही संपला. गाडीपाशी पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. वाटेत ती दोनदा विनोद करून हसली, आणि दोन्ही वेळा मला रडू आलं.

गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रिया, मग नऊ महिने व्यायाम.

पुढच्या तीन आठवड्यांत मी सगळं केलं. रोज तिला गाडीने कामावर नेलं-आणलं, दोनदा बिर्याणी करून डबा तिच्या दाराशी दिला, तिचं प्रयोगशाळेतलं काम उरकलं. फक्त बोलले नाही. ती लोकांना सांगायची, "बर्फ सुटला." मी बाजूला उभी असायचे आणि मान हलवायचे.

जुलैमध्ये एकदा रात्री अब्बांचा फोन आला. तिकडे सकाळ होती आणि पाऊस कोसळत होता, फोनमधून ऐकू येत होता. पावसाळी बंदीमुळे बोटी जून-जुलै किनाऱ्यावर असतात, झापांनी शाकारलेल्या. या दिवसांत अब्बांना वेळ असतो. अम्मीकडून त्यांना मैत्रिणीच्या अपघाताचं कळलं होतं. त्यांनी काही समजूत काढली नाही. एकेक प्रश्न विचारत गेले.

"वर किती वाजता पोचलात?"

"दीड वाजून गेला होता."

"आणि परतायचं किती वाजता ठरलं होतं?"

"साडेअकरा."

थोडा वेळ फक्त पाऊस ऐकू आला.

"तांडेल कोण होतं?"

मी म्हणाले, "मी."

"तिच्या घरी गेलीस?"

"अब्बा, रोज भेटते मी तिला. कामावर मीच नेते."

"घरी गेलीस का, ते विचारलं."

मी गप्प बसले, कारण मला कळलं ते काय विचारतायत. आमच्या वस्तीत बोटीवर खलाशाला काही झालं तर तांडेल स्वतःच्या घरी नंतर जातो, आधी खलाशाच्या घरी. पडवीत बसतो आणि काय झालं ते त्याच्या माणसांना स्वतःच्या तोंडाने सांगतो. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा अब्बा रात्री खूप उशिरा आले, अंगावरचे कपडे ओले. एका खलाशाची दोन बोटं दोरात सापडून गेली होती. जाळं घाईने ओढायचा हुकूम अब्बांचाच होता, कारण दांडा ओलांडायची वेळ टळत आली होती. अम्मीने नंतर सांगितलं, त्या खलाशाच्या आईने अब्बांना पाणीही विचारलं नाही. ते तरी दोन तास बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

अब्बा फोनवर ही गोष्ट बोलले नाहीत. म्हणाले, "डबा दारात ठेवून येतात ते शेजारी. जा, बसून ये."

रविवारी गेले. मैत्रीण पाय उंचावर ठेवून बसली होती, नवरा कॉफी करत होता. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, मग बसून सगळं सांगितलं. पहाटे रुतलेलं पाऊल, साडेअकरा, "अजून एक तास", आणि तिच्या वरून घेतलेलं ते वळण. तिच्या नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेला. मी तिथे होते तोवर तो बाहेर आला नाही. बरेच महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मला ते चुकीचं वाटत नाही.

मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत होतं. बर्फ येताना मी वर पाहिलं होतं ना. तू कधी बोलतेस, तेवढं बघत होते." आणि पुढे म्हणाली, "मीही तुला 'निर्णय तुझे' म्हणून सोडून दिलं. पहाटेच मला तोंड उघडायला हवं होतं. डोंगरावर दोघींचंही तोंड उघडं पाहिजे."

मी तिची चूक माझ्या चुकीच्या शेजारी ठेवून हलकी झाले नाही. पण त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला आणि तो अजून पाळतो. परतायची वेळ घरून निघताना कागदावर लिहायची, दोघींनी बघायची, आणि वर गेल्यावर ती बदलायची नाही. पुढे हवा चांगली आहे, एवढंच राहिलंय, दोनदा परतलोय, ही सगळी कारणं वरच सुचतात. तिथे थकलेल्या, उत्साहाने भारलेल्या डोक्याला तीच बरोबर वाटतात. म्हणून निर्णय खाली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा पिताना घ्यायचा. आणि पहाटे पाऊल रुतलं तर कागदावरच्या वेळेचीही वाट बघायची नाही, तिथूनच मागे फिरायचं.

मला वाटायचं मी तांडेलाची मुलगी, वेळेचं भान माझ्या रक्तात आहे. तसं काही नसतं. भरती-ओहोटीचं गणित मला तोंडपाठ होतं, पण भरलेल्या समुद्राकडे पाठ फिरवून बोट वळवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी नापास झाले, आणि किंमत दुसरीच्या गुडघ्याने दिली.

खालाच्या प्रश्नाचं उत्तर? ते माझ्याकडे अजून नीटसं नाही. पण मला वाटतं, मी तिथे जाते कारण त्या डोंगरावर माझी सोय बघणारं कोणी नाही. आमच्या शहरातल्या आयुष्यात सगळं मागे-पुढे ढकलता येतं. बैठक ढकलता येते, पैसे भरायची तारीख ढकलता येते, माफी मागणंसुद्धा ढकलता येतं, ते मी करून पाहिलंय. बर्फ मऊ व्हायची वेळ ढकलता येत नाही.

मैत्रीण पुढचा हंगाम स्कीवर आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सेंट हेलेन्सच्या खालच्या उतारावर थोडी घसरली. या जूनमध्ये आम्ही पुन्हा अ‍ॅडम्सला गेलो. पुढे ती होती. कागदावर लिहिलं होतं: साडेदहा. रात्र थंड होती, पहाटे बर्फ खणखणीत वाजत होता. साडेदहाला आम्ही खोट्या शिखराच्या खाली, सरळसोट चढाच्या मध्यावर होतो. वर माणसं पुढे जाताना दिसत होती. तिने घड्याळ पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही स्किन सोलायला घेतल्या. बर्फ नुकताच मऊ झाला होता, बोटभर, खाली पक्का. एकीने उतरायचं, दुसरीने बाजूला थांबायचं. दहा-बारा वळणांनंतर ती थांबली, बाजूला सरकली आणि मला हात केला. मी तिच्यापासून बरीच दूरची वाट धरून उतरले.

दुपारी गाडीपाशी पोचून अब्बांना संदेश पाठवला, "परतलो." तिकडे रात्रीचे दोन वाजले असतील. मला वाटलं उत्तर सकाळी येईल. लगेच आलं. ते जागे होते.

"मासळी मिळाली?"

"मिळाली," मी लिहिलं. "निम्मी बोट."

"पुष्कळ झाली," त्यांनी लिहिलं.